बॅटरी कारखान्यात शिसं मोजायचं तर

लेड-ॲसिड बॅटरीच्या कारखान्यात शिशाची मोजणी करायला आम्ही जातो, तेव्हा गेटपासूनच एक प्रश्न कानावर येतो : "साहेब, रिपोर्ट लिमिटमध्ये येईल ना?" कुठल्या लिमिटमध्ये, असं विचारणारा क्वचित भेटतो. म्हणून पंप, फिल्टर, सुया बाहेर काढायच्या आधी आम्ही मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर आणि कामगार प्रतिनिधी अशा तिघांना एकत्र बसवून आकडे मांडतो.

कारखाने अधिनियम 1948 च्या (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत शिशाची धूळ आणि धूर यांची मर्यादा होती घनमीटर हवेत 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मायक्रोग्रॅम. ही आठ तासांची सरासरी आहे. ही अनुसूची आणि अशा मर्यादा घालणारं कलम 41-एफ भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. अमेरिकेत ओशाने, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, 1978 मध्येच 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली होती आणि 30 च्या वर गेलं की रक्ततपासणी, नियमित मोजणी वगैरे सुरू करायची सक्ती केली होती. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून मर्यादा थेट 10 वर आणली. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशात ती 30 आहे, आणि रक्तातल्या शिशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) 15 मायक्रोग्रॅमवर यायची आहे. यातल्या कुठल्याही देशात शिसं बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की कमी प्रमाणातलं शिसंही रक्तदाब, मूत्रपिंड, मज्जासंस्था आणि प्रजननक्षमता बिघडवतं हे पुराव्यानिशी कळलं. म्हणून आमच्या रिपोर्टात दोन रकाने असतात : कारखाने अधिनियमाची मर्यादा 150, आणि आम्ही ज्याच्याशी ताडून पाहतो ती 50. पहिला रकाना सुरक्षित आहे म्हणून दुसऱ्याकडे काणाडोळा करणाऱ्या कारखान्यात माणसं आजारी पडतात, हे आमचं स्पष्ट मत आहे.

मोजणीचा पहिला दिवस नुसता फिरण्यात जातो, आणि तो वाचवायचा प्रयत्न कुणी करू नये. शिसं कारखान्यात सगळीकडे सारखं नसतं. शिशाच्या विटा वितळवून ग्रिड, म्हणजे प्लेटचे जाळीदार सांगाडे, ओतायचं काम दिसायला भयंकर, पण भांड्याचं तापमान 500 अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर धूर फारसा होत नाही. शिसं साधारण 327 अंशांना वितळतं, म्हणजे हातात बरीच मोकळीक असते. तिथला खरा धोका ड्रॉस काढताना. पृष्ठभागावरची ती करडी साय झाऱ्याने उचलून डब्यात टाकली की बारीक ऑक्साइड उडतं, आणि डबा बहुधा उघडाच असतो. शिसं दळणाऱ्या ऑक्साइड मिलमधून येणाऱ्या भुकटीत तर मोठा भाग शिशाचं ऑक्साइड आणि उरलेलं मुक्त शिसं असतं. ती पिठासारखी बारीक असते, बॅगेचं तोंड बांधताना फुस्सकन उडते. पेस्ट मिक्सिंगमध्ये पाणी आणि आम्ल पडलं की ती दबते. ओली पेस्ट त्रास देत नाही, जमिनीवर सांडून वाळलेली पेस्ट देते. फोर्कलिफ्टचं चाक तिच्यावरून गेलं की ती पुन्हा हवेत.

सगळ्यात वाईट जागा बहुतेक वेळा क्युरिंगनंतर, म्हणजे पेस्ट लावलेल्या प्लेट मुरवून वाळवल्यानंतर, येते. प्लेट वाळलेल्या असतात, ओलावा जवळजवळ संपलेला असतो. जोडप्लेट तोडायचं पार्टिंग, कान घासायचं ब्रशिंग, गठ्ठे लावायचं स्टॅकिंग, सेपरेटरच्या (दोन प्लेटमधल्या पडद्याच्या) पाकिटात घालायचं काम, हे सगळं तेव्हाच चालतं. दोन प्लेट एकमेकींवर आपटल्या तरी कडेची भुकटी सुटते. कामगार गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करतो, तेव्हा त्याचं नाक त्या गठ्ठ्यापासून हातभर अंतरावर असतं. खिडकीतून तिरपं ऊन येत असेल तर उडणारी धूळ त्या कवडशात दिसते. ऊन नसेल तर जोरदार टॉर्च कामाच्या मागून, पाहणाऱ्याकडे रोखून धरायचा, तेच दिसतं. एवढ्या एका टॉर्चने अर्धा कारखाना समजतो.

फिरताना आम्ही पंखे मोजतो. धूळ-धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट हुड लाखो रुपयांचा असतो आणि त्याच्या समोर उकाडा होतो म्हणून पेडेस्टल फॅन लावलेला असतो. हुडाच्या तोंडापाशी हवेचा ओढा सेकंदाला अर्धा ते एक मीटर, पंख्याचा झोत त्याच्या कितीतरी पट. धुराची नळी फोडून दाखवली की कामगारांनाही लगेच पटतं : धूर हुडाकडे जायच्या ऐवजी शेजारच्याच्या तोंडावर जातो. उकाड्याची तक्रार खोटी नसते, त्यामुळे नुसता पंखा काढून चालत नाही. वरून, मंद गतीने, कामगाराच्या पाठीमागून न येणारी स्वच्छ हवा सोडावी लागते. पाठीमागून हवा आली की माणसाच्या छातीसमोर भोवरा तयार होतो आणि धूळ तिथेच फिरत राहते.

आता प्रत्यक्ष नमुना. हवा खोलीची मोजायची नाही, माणसाच्या श्वासाची मोजायची. खांबाला यंत्र टांगून घेतलेल्या नमुन्यावरून कामगाराच्या नाकात काय गेलं ते ठरत नाही. म्हणून कमरेच्या पट्ट्याला छोटा बॅटरीवर चालणारा पंप, तिथून पाठीवरून खांद्यावर आणलेली नळी, आणि कॉलरजवळ, नाकापासून साधारण 30 सेंटिमीटरच्या आत, खाली तोंड करून लावलेली 37 मिलिमीटरची बंद कॅसेट. आत 0.8 मायक्रॉन छिद्रांचा सेल्युलोज एस्टरचा फिल्टर, त्याखाली आधाराची चकती. ही मांडणी अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या 7082 क्रमांकाच्या पद्धतीप्रमाणे. प्रवाह मिनिटाला 1 ते 4 लिटर चालतो. आम्ही 2 वर ठेवतो, कारण आठ तासांत 960 लिटर हवा होते आणि पद्धतीने सांगितलेल्या 200 ते 1500 लिटरच्या मर्यादेत ती आरामात बसते. मिनिटाला 4 लिटर ठेवून पूर्ण शिफ्ट चालवली तर 1920 लिटर होतात, आणि धुळीच्या जागी फिल्टर जास्त भरून भुकटी सुटायला लागते.

पंपाचा प्रवाह शिफ्टच्या आधी आणि नंतर, कॅसेट जोडलेली असतानाच तपासायचा. नुसत्या नळीवर केलेलं कॅलिब्रेशन फसवं असतं, फिल्टरचा अडथळा त्यात धरलेला नसतो. सुरुवातीला 2.02 आणि शेवटी 1.96 आलं तर सरासरी 1.99 धरतो. दोन्हींत 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना आम्ही सरळ बाद करतो. दर दोन तासांनी प्रत्येक पंपापाशी जाऊन तरंगता गोळा किंवा पडद्यावरचा आकडा पाहायचा, नळी पट्ट्याखाली दबली नाही ना ते पाहायचं, वेळ लिहायची. जेवणाच्या सुट्टीत पंप बंद करून झाकण लावायचं आणि ती वेळ वेगळी नोंदवायची. हवा न ओढलेल्या, पण बाकी सगळ्या प्रवासात बरोबर असलेल्या कॅसेट, म्हणजे फील्ड ब्लँक, दर खेपेला किमान दोन.

या टप्प्यावर होणारे घोटाळे ठरलेले आहेत. कुणाला तरी वाटतं की आज तपासणी आहे, म्हणून तो मशिन हळू चालवतो, किंवा सुपरवायझर सकाळीच फरशी पाण्याने धुऊन घेतो. असं झालं की आम्ही उत्पादनाचा आकडा विचारतो. रोजच्यापेक्षा बराच कमी असेल तर तसं रिपोर्टात लिहून दुसरा दिवस मागतो. याच्या उलटही घडतं. आकडा वाढावा म्हणून एखादा कॅसेट टेबलावर झटकतो. फिल्टरवर मधोमध डोळ्यांना दिसणारे मोठे कण असतील तर शंका घ्यायची, कारण श्वासाच्या पातळीवर तरंगणारी धूळ एकसारखी पसरते. कुणालाही न ओरडता सांगायचं, "दादा, हा आकडा तुमच्याच छातीचा आहे, तो खरा यायला हवा." हे ऐकल्यावर बहुतेक जण पंप जपून वागवतात.

कॅसेट लॅबमध्ये उभी पाठवायची, फिल्टरची वरची बाजू वर. उलटी झाली की धूळ सांडून कॅसेटच्या आतल्या भिंतीला लागते. तशीही बरीचशी धूळ भिंतीला चिकटतेच, म्हणून चांगली लॅब आतली बाजू पुसून तो बोळाही फिल्टरबरोबर विरघळवते. "भिंत पुसता का?" हा प्रश्न आम्ही लॅबला आधीच विचारतो. उत्तर "नाही" आलं तर आकडा कमी दाखवला जाणार हे धरून चालायचं. पुढे फिल्टर बीकरमध्ये, तीव्र नायट्रिक आम्ल 3 मिलिलिटर आणि 30 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 1 मिलिलिटर, हॉटप्लेट 140 अंशांवर, अर्धा मिलिलिटर उरेपर्यंत आटवायचं. आम्ल-पेरॉक्साइडची ही फेरी आणखी दोनदा, मग 10 मिलिलिटरपर्यंत पातळ करून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रावर 283.3 नॅनोमीटरला मोजायचं.  एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता लॅबला आहे एवढं पाहून थांबू नका. मान्यतेच्या यादीत हवेतलं शिसं ही चाचणी आहे का ते पाहा.

लॅबकडून आकडा फिल्टरमागे मायक्रोग्रॅममध्ये येतो. समजा 62.8 आला, ब्लँक 0.4. वजा करून 62.4, त्याला 0.96 घनमीटरने भागलं की 65 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.065 मिलिग्रॅम. भारतीय मर्यादेच्या निम्म्याहून खाली, ओशाच्या मर्यादेच्या वर. इथे कारखान्यात टाळ्या पडतात आणि आम्ही दुसरा हिशेब मांडतो. शिफ्ट खरंच आठ तासांची आहे का? ओव्हरटाइम धरून बारा तास चालत असेल तर 400 ला कामाच्या तासांनी भागायचं, असं ओशाचं सूत्र आहे. बारा तासांना 33 येतात. आपल्या 150 ला तोच न्याय लावला तर 100. बारा तास काम करणाऱ्याच्या शरीराला शिसं बाहेर टाकायलाही चार तास कमी मिळतात, हे विसरून चालणार नाही.

एकाच शिफ्टमध्ये माणूस दोन जागी असेल तर प्रत्येक जागेचा वेगळा फिल्टर लावायचा. पार्टिंगवर तीन तास 0.280, स्टॅकिंगवर चार तास 0.090, एक तास स्टोअरमध्ये 0.010 असं धरा. गुणाकारांची बेरीज 0.84 अधिक 0.36 अधिक 0.01, म्हणजे 1.21, भागिले आठ. उत्तर 0.151. मर्यादेला टेकलेला हा माणूस एकाच जागी मोजला असता तर स्टॅकिंगच्या जागी सुरक्षित आणि पार्टिंगच्या जागी धोक्यात दिसला असता. आणि सुधारायचं कुठे तेही या बेरजेतच दिसतं : तीन तासांच्या पार्टिंगने एकूण भाराचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा उचललाय.

मास्क लावलेला असला तरी कॅसेट मास्कच्या बाहेरच असते. मर्यादा हवेची आहे, मास्कच्या आतल्या हवेची नाही. मास्कचं गणितही एकदा करून बघण्यासारखं आहे. नीट बसणारा अर्ध्या तोंडाचा, बदलत्या फिल्टरचा मास्क बाहेरचं प्रमाण दहाव्या भागावर आणतो असं धरतात. बाहेर 0.30 असेल तर आत 0.03. पण आठ तासांतला फक्त दहावा भाग, म्हणजे 48 मिनिटं, तो गळ्यात लटकला तर सरासरी 0.057 होते, जवळजवळ दुप्पट. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत जाते आणि मास्कचा उपयोग उरत नाही. नाकावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क शिशाच्या धुळीपुढे काहीच नाही. उलट तो दिवसभर धूळ साठवून तोंडाशी धरतो.

हवेचं झालं. पण ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला ते पुढे आहे.

रक्ततपासणी हवेच्या मोजणीच्याच आठवड्यात ठेवायची, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, कारखान्याच्या उत्पादन विभागापासून लांब. कामगार आंघोळ करून, घरच्या कपड्यांत यावा. कोपरापासून हात साबणाने धुवायचा, मग शुद्ध पाण्याने, मग स्पिरिट. नमुना शिरेतूनच घ्यायचा, सूक्ष्म धातूंसाठी प्रमाणित, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं आणि आकडा उगाच फुगतो. छोट्या पोर्टेबल यंत्रावर चाळणी करायला हरकत नाही, पण लीडकेअर-2 सारखं यंत्र डेसिलिटरला 3.3 ते 65 मायक्रोग्रॅम एवढंच वाचतं, आणि तिथे जास्त आलेला प्रत्येक आकडा शिरेतल्या रक्तावर पुन्हा तपासावा लागतो.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक वाचायचं. काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. 450 मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे 45 प्रति डेसिलिटर. एककाच्या या गोंधळात निरोगी माणूस इस्पितळात जातो आणि आजारी माणूस मशिनवर परततो. ओशाच्या नियमात एका तपासणीत 60 किंवा अलीकडच्या तपासण्यांची सरासरी 50 असेल तर कामगाराला शिशापासून लांबच्या कामावर हलवतात, आणि लागोपाठ दोनदा 40 च्या खाली आल्यावरच परत आणतात. एसीजीआयएच ही औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची अमेरिकी संस्था 20 हा आकडा धरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं की 5 किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि थांबवायचं. आम्ही 20 च्या वर प्रत्येकाशी एकट्याने बोलतो आणि 30 च्या वर काम बदलायला सांगतो, पगार न कापता. पगार कापला जाणार असेल तर पुढच्या वेळी कामगार रक्त द्यायलाच येत नाही, आणि मग सगळी मोजणी वाया जाते.

आता हवेचा आणि रक्ताचा आकडा शेजारी ठेवायचे. दोन्ही जास्त असतील तर गोष्ट सरळ आहे, हुड दुरुस्त करा. हवा जास्त आणि रक्त कमी असेल तर माणूस नवा असेल किंवा मास्क खरंच नीट वापरत असेल. पण वारंवार दिसणारी आणि वारंवार दुर्लक्षिली जाणारी जोडी तिसरी : हवा 0.04, रक्त 38. इथे मालक म्हणतो लॅब चुकली. लॅब बहुधा चुकलेली नसते. शिसं नाकाने नाही, तोंडाने जातंय.

तोंडाने कसं, हे बघायला दुपारी पार्टिंगच्या मागच्या पत्र्याच्या सावलीत उभं राहावं. कामगार हातमोजे काढून खिशात कोंबतो. डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, चुन्याच्या डबीतून नखाने चुना काढतो, अंगठ्याने दोन मिनिटं मळतो, टाळी देऊन फुंकर मारतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो. तळहाताच्या रेषांत बसलेलं ऑक्साइड त्या मळण्यात निघून तंबाखूत उतरतं, आणि ओठाखाली तासभर राहतं. बिडी ओढणाऱ्याचं तसंच, तिथे बोटांवरचं शिसं जळत्या टोकाच्या उष्णतेतही सापडतं. त्या हातांवर सोडियम रोडिझोनेटचा आम्लयुक्त फवारा मारून कागदी बोळ्याने पुसलं तर बोळा लाल-गुलाबी होतो. साध्या साबणाने धुतलेल्या हातांवरही हा रंग येताना कामगारांनी पाहिलं की त्यानंतर कुणाला भाषण द्यावं लागत नाही. नखांच्या कडा, अंगठीखालची जागा, घड्याळाचा पट्टा आणि मोबाइलची पाठ, सगळीकडे रंग येतो. मोबाइल तर घरी जाऊन पोराच्या हातात पडतो.

रिकाम्या पोटी शिशाचं शोषण कितीतरी वाढतं. सकाळी नुसता चहा पिऊन पहिली शिफ्ट गाठणारे, उपवासाला दिवसभर न खाणारे, यांचा आकडा तेवढ्याच धुळीत जास्त येऊ शकतो. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरी तेच. म्हणून कॅन्टीनमध्ये शिफ्टच्या आधी पोटभर नाश्ता द्या, पोहे-उपमा काहीही. गूळ आणि केळं दिल्याने शिसं निघून जातं हा समज मात्र सोडून द्यावा. दूध-गुळाने पोषणाची कमतरता भरून निघेल, शरीरात गेलेलं शिसं बाहेर पडणार नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे आकडा खाली आणण्यासाठी तपासणीच्या आधी "शिसं उतरवायची" औषधं देणं. किलेशनची औषधं विषबाधा झालेल्या रुग्णाला, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची असतात. कामावर ठेवून प्रतिबंधक म्हणून ती द्यायला ओशाच्या नियमात स्पष्ट बंदी आहे, आणि ती योग्य आहे : रक्तातला आकडा उतरतो, हाडातलं शिसं पुन्हा रक्तात येतं, आणि माणूस त्याच धुळीत उभा असतो.

कपड्यांचं एकच उत्तर आहे : कारखान्याचे कपडे कारखान्यातच धुवायचे. दोन लॉकर, एक घरच्या कपड्यांचा आणि एक कामाच्या, त्यांच्या मधे आंघोळीची जागा. स्वच्छ बाजूने शिरायचं आणि स्वच्छ बाजूनेच बाहेर पडायचं. बॅटरी कारखान्यांच्या नियमावलीत कोरड्या शिसे-संयुगांशी काम करणाऱ्यांना जेवणाआधी आणि सुटायच्या आधी हात-तोंड धुवायला जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळी किमान दहा मिनिटं द्यायची तरतूद आहे. ही दहा मिनिटं प्रत्यक्षात मिळतात का, हे आम्ही भोंगा झाल्यावर नळापाशी उभं राहून पाहतो. नळ कमी असतील तर रांग लागते आणि शेवटचे दहा-पंधरा जण तसेच जेवायला बसतात. नखांचा ब्रश दोरीने नळाला बांधलेला असावा, टॉवेल रोजचा धुतलेला, नाहीतर कागदी.

कारखान्यात केलेला कुठला बदल किती उपयोगी पडतो, याचा आमचा अनुभव असा आहे. झाडू बंद करून हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्युम आणि ओलं पुसणं आणलं की फरक लवकर दिसतो, खर्चही थोडा. काँप्रेस्ड एअरने कपडे आणि मशिन झटकायची सवय मोडायला वेळ लागतो. त्यासाठी नुसती पाटी लावून भागत नाही, एअर लाइनची नोझलच काढून घ्यावी लागते. पार्टिंगच्या टेबलाखालून हवा ओढणारी जाळी बसवणं खर्चाचं आहे, पण तीच मुख्य दवा. शिशाची धूळ जड असते, नळीत ती बसू नये म्हणून वेग सेकंदाला 20 ते 22 मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. सहा इंची डक्टमध्ये 22 मीटरला तासाला सुमारे 1,440 घनमीटर हवा लागते. पुढे कुणीतरी त्याच पंख्याला आणखी एक फाटा जोडतो, प्रत्येक फाट्यातला वेग पडतो, आणि सहा महिन्यांनी कोपऱ्यातल्या बाकात गुडघाभर भुकटी साठलेली असते. डक्टवर काठी आपटून बद्द आवाज आला की समजायचं. बॅगफिल्टरवरचा दाबमापक रोज लिहून ठेवा. आकडा वाढत गेला तर पिशव्या तुंबल्यात, अचानक पडला तर पिशवी फाटलीय आणि शिसं चिमणीतून वस्तीवर चाललंय.

शिशाची विषबाधा हा कायद्याने कळवायचा आजार आहे. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो पहिल्या क्रमांकावर होता, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही पहिलाच आहे. मॅनेजरने आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही तो कळवायचा असतो. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, मनगट लुळं पडणं, रक्त कमी होणं अशा तक्रारी घेऊन बॅटरी कामगार आला तर बाहेरच्या डॉक्टरांनीही आधी काय काम करतोस ते विचारावं. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने गेलेले रुग्ण आम्ही पाहिलेत. तांत्रिक शंका असतील तर मुंबईत शीव इथली केंद्रीय श्रम संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था ही विचारायची ठिकाणं. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवावी लागते आणि ती त्याला पाहायला मिळायला हवी. रक्ताचा आकडा कामगाराच्या हातात, मराठीत लिहून, मागच्या आकड्यासकट द्या. ऑफिसच्या फायलीत ठेवलेल्या आकड्याने त्याची तंबाखू सुटत नाही.

बदल झाल्यावर हवा लगेच, त्याच यंत्रांवर, तेवढ्याच उत्पादनात पुन्हा मोजता येते. रक्ताला घाई करू नका. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, आणि जुन्या कामगाराच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं झिरपत राहतं, त्यामुळे त्याचा आकडा अधिकच हळू उतरतो. पहिली फेरतपासणी दोन महिन्यांनी, मग ओशाच्या नियमाप्रमाणे 40 च्या वर असलेल्यांची दर दोन महिन्यांनी, कामावरून हलवलेल्यांची दर महिन्याला, बाकीच्यांची सहा महिन्यांनी. दोन फेऱ्यांत नव्या कामगाराचा आकडा चढत असेल आणि जुन्याचा उतरत असेल, तर हुडाकडे न जाता आधी नव्या माणसाला हात धुवायला, मास्क लावायला आणि लॉकर वापरायला कुणी शिकवलं ते विचारा.